आधी प्रत, मग दुरुस्ती

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथं कायद्यावर बोलणं झालं, समुपदेशनावर झालं, मुलींच्या शिक्षणावर झालं. आता जेवणानंतर मला उभं केलंय आणि विषय दिलाय, सर्व्हर सुरूच झाला नाही तर डेटाबेसमधली टेबलं परत कशी मिळवायची. ही डुलकी काढायची वेळ आहे, हे काही चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसतंय. माझी एवढीच विनंती आहे की पहिली पाच मिनिटं जागे राहा. त्यानंतरही विषय आपला वाटला नाही तर खुशाल डोळे मिटा.

आपल्या सल्ला केंद्रांत पूर्वी एक जाडजूड रजिस्टर असायचं. बाई आली की तिची हकीकत त्यात लिहायची. मग संगणक आला. इंजिनिअरिंगच्या एखाद्या मुलानं सुटीत बसून प्रोग्रॅम करून दिला आणि नोंदी त्यात जायला लागल्या. बाईचं नाव, निकाहची तारीख, मेहरची रक्कम, मुलं किती, नवऱ्यानं तलाक कधी आणि कसा दिला, पोलिसांत कधी गेली, पोटगीचा अर्ज कधी केला, कोर्टाची पुढची तारीख कोणती. डेटाबेसच्या भाषेत ही टेबलं. प्रत्येक रांग म्हणजे एक बाई आणि प्रत्येक रकाना म्हणजे तिच्याबद्दलची एक गोष्ट.

यातला फक्त तारखेचा रकाना घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. त्यावरचा कायदा संसदेनं २०१९ मध्ये केला, पण तो लागू मानला जातो १९ सप्टेंबर २०१८ पासून. म्हणजे तलाक त्या दिवसाच्या आधी दिला की नंतर, यावर त्या कायद्याखाली फौजदारी तक्रार होते की नाही हे ठरतं. पोटगीचंही तसंच. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. अर्ज कधी केला हे बाईला आठवत नसेल, वकील बदलला असेल, तर ती तारीख विचारायला ती आपल्याकडेच येते. त्या दिवशी आपला संगणक म्हणाला की टेबल सापडत नाही, तर काय? म्हणून हा विषय या शिबिरात आहे.

आता सर्व्हर म्हणजे काय, ते सांगते. सर्व्हर म्हटलं की थंडगार खोलीतलं मोठं यंत्र डोळ्यांसमोर येतं. आपल्या केंद्रात सर्व्हर म्हणजे टेबलावरचा साधा विंडोजचा संगणक आणि त्यात टाकलेलं झॅम्प नावाचं फुकट मिळणारं पॅकेज. या पॅकेजमध्ये मारियाडीबी हा डेटाबेस असतो. तो मायएसक्यूएलचा भाऊबंद. मायएसक्यूएल बनवणारे मायकेल विडेनियस यांच्या मोठ्या मुलीचं नाव माय आणि धाकटीचं मारिया, त्यावरून ही दोन्ही नावं पडली. मी पुढे जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं दोघांनाही लागू आहे.

सर्व्हर हा मुनीम आहे असं समजा. मुनीम वेगळा, वह्या वेगळ्या. मुनीम सकाळी कामावर आला नाही म्हणजे वह्या जळाल्या असं होत नाही. नोंदी असतात फाइलींत. सर्व्हर हा त्या फाइली वाचणारा आणि लिहिणारा प्रोग्रॅम आहे. तो सुरू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा फाइली जागच्या जागी असतात. खरं नुकसान होतं ते पुढच्या अर्ध्या तासात, घाबरून केलेल्या उपायांमुळे.

हा मुनीम लिहितो कसा? जुन्या दुकानात दोन वह्या असायच्या, रोजकीर्द आणि खतावणी. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत टिपायचा आणि मग सवडीनं ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. इनोडीबी, म्हणजे या डेटाबेसमधली साठवणुकीची पद्धत, अगदी हेच करते. तुम्ही नोंद जतन केली की ती आधी लॉगच्या फाइलीत उतरते. मूळ टेबलाच्या फाइलीत ती थोड्या वेळानं जाते. टेबलाची फाइल पानापानांची असते, एक पान साधारणपणे १६ किलोबाइटचं. मधेच वीज गेली तर काही नोंदी लॉगमध्ये असतात पण खात्यावर चढलेल्या नसतात. पुढच्या वेळी सुरू होताना मुनीम रोजकीर्द काढतो, राहिलेलं खात्यावर चढवतो आणि जे व्यवहार अर्धवट होते ते मागे फिरवतो. वीज गेल्यावर बहुतेक वेळा सगळं आपोआप पूर्ववत होतं ते याचमुळे. आणि म्हणूनच 'लॉगच्या फाइली डिलीट करा, सर्व्हर सुरू होईल' हा सल्ला धोक्याचा आहे. सर्व्हर कदाचित सुरू होईलही, पण तुम्ही रोजकीर्द फाडून टाकलेली असेल.

आता एक घडलेली गोष्ट सांगते. केंद्राचं नाव आणि गाव सांगणार नाही. संध्याकाळी वीज गेली. यूपीएसची बॅटरी संपलेली होती. सकाळी संगणक चालू झाला, पण झॅम्पच्या खिडकीत लाल अक्षरं आली की मायएसक्यूएल अचानक बंद पडलं. तिथल्या विद्यार्थी कार्यकर्त्यानं एक व्हिडिओ शोधला. त्यात उपाय होता तो असा: 'डेटा' नावाच्या फोल्डरचं नाव बदलून 'डेटा जुना' करा, पॅकेजबरोबर आलेल्या 'बॅकअप' फोल्डरची प्रत काढून तिला 'डेटा' नाव द्या आणि जुन्यातलं आपल्या डेटाबेसचं फोल्डर नव्यात आणून टाका. त्यानं तसं केलं. सर्व्हर सुरू झाला आणि सगळ्या टेबलांची नावंही डावीकडे दिसायला लागली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग एका नावावर क्लिक केलं, तर उत्तर आलं की हे टेबल इंजिनमध्ये अस्तित्वात नाही.

मला फोन आला तेव्हा केंद्र चालवणाऱ्या आपा म्हणाल्या, "बेटा, नावं दिसतायत, पण आत कुणीच नाही. असं कसं होईल?"

असं होतं, त्याचं कारण सरळ आहे. मारियाडीबीत एका टेबलाच्या दोन फाइली असतात. एकीचं शेपूट एफआरएम, दुसरीचं आयबीडी. एफआरएममध्ये टेबलाचं नाव आणि रकान्यांची आखणी असते. आयबीडीमध्ये खरी पानं, म्हणजे नोंदी. पण याखेरीज बाहेर, डेटाबेसच्या फोल्डरच्या वरच्या पातळीवर, आयबीडेटा१ नावाची आणखी एक फाइल असते. ती सगळ्या खात्यांची अनुक्रमणिका. कोणतं टेबल कोणत्या क्रमांकाच्या जागेत आहे, हे मुनीम तिच्यातून पाहतो. व्हिडिओ पाहणाऱ्या बहुतेकांकडून हीच फाइल राहून जाते, कारण ती आपल्या डेटाबेसच्या फोल्डरमध्ये नसते. इथंही तेच झालं होतं. नव्या फोल्डरमध्ये कोरी अनुक्रमणिका होती. एफआरएममुळे नावं दिसत होती, पण अनुक्रमणिकेत त्यांचा पत्ता नव्हता. नोंदी शाबूत होत्या, फक्त मुनीमाला सापडत नव्हत्या.

सुदैवानं त्या मुलानं जुनं फोल्डर डिलीट केलं नव्हतं, फक्त नाव बदललं होतं. हे लक्षात ठेवा. नाव बदललेली गोष्ट परत येते. डिलीट केलेलीही कधी कधी येते, पण तिच्यामागे हजारो रुपये जातात आणि आपली हार्ड डिस्क अनोळखी माणसाच्या हातात द्यावी लागते.

तर आता क्रम सांगते. वह्या काढल्या असतील तर हा लिहून घ्या.

पहिली गोष्ट, थांबा. सर्व्हर परत परत सुरू करून बघू नका. त्या संगणकावर नवीन काही टाकू नका, प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवू नका. पुन्हा बसवताना जुनं डेटा फोल्डर साफ होऊ शकतं.

दुसरी गोष्ट, प्रत काढा. सर्व्हर पूर्ण बंद आहे याची खात्री करून मायएसक्यूएलचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. अख्खं म्हणजे आयबीडेटा१, लॉगच्या फाइली, सेटिंगची फाइल, सगळं. मग त्या प्रतीची आणखी एक प्रत. पहिली प्रत बाजूला ठेवून द्यायची, तिला हात लावायचा नाही. सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर. आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: आधी प्रत, मग दुरुस्ती.

तिसरी गोष्ट, लॉग वाचा. रोजकीर्दीचा नव्हे, चुकांचा लॉग. झॅम्पमध्ये डेटा फोल्डरच्या आतच एरर लॉगची साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा आणि शेवटच्या पन्नासेक ओळी वाचा. इंग्रजीला घाबरू नका. पुष्कळदा कारण अगदी क्षुल्लक असतं. डिस्क गच्च भरलेली असते. किंवा ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर दुसरा डेटाबेस आधीच बसलेला असतो. किंवा मागचाच सर्व्हर पूर्ण बंद झालेला नसतो आणि त्यानं फाइली अडवून धरलेल्या असतात. किंवा सेटिंगच्या फाइलीत एक अक्षर चुकलेलं असतं. लिनक्सवर असाल तर फाइलींची मालकी बदललेली असू शकते. यातल्या कशातही नोंदींना धक्का लागलेला नसतो. जागा मोकळी करा किंवा दुसरा प्रोग्रॅम बंद करा, मुनीम कामाला लागतो. पान खरोखर खराब झालं असेल तर लॉग तसं सांगतो. तेव्हाच पुढच्या पायरीवर जायचं.

चौथी गोष्ट, सक्तीची सुरुवात. इनोडीबी फोर्स रिकव्हरी नावाची एक सेटिंग आहे. तिच्या किमती ० ते ६. एरवी ती ० असते. १ केलं की मुनीमाला हुकूम मिळतो, फाटलेलं पान दिसलं तरी अडून बसू नकोस. २ म्हणजे मागची साफसफाई करू नकोस. ३ म्हणजे अर्धवट व्यवहार मागे फिरवायच्या भानगडीत पडू नकोस. असं चढत चढत ६ म्हणजे रोजकीर्द उघडूच नकोस, खतावणी जशी आहे तशी वाच. नेहमी १ पासून सुरू करायचं आणि सर्व्हर उठला की तिथंच थांबायचं. ३ पर्यंत त्यामानानं बरं आहे, खराब पानांवरचंच काय ते जातं. ४ पासून पुढे फाइलींचं कायमचं नुकसान होऊ शकतं, म्हणून ते फक्त प्रतीवर, आणि बाकी सगळं थकल्यावर. घाईत थेट ६ लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. डोकं दुखतंय म्हणून थेट भूल देण्यासारखं आहे ते.

सर्व्हर असा उठला म्हणजे बरा झाला असं समजू नका. या सेटिंगवर नव्या नोंदी घ्यायच्या नाहीत. त्याला उठवायचं ते एकाच कामासाठी, सगळं सांगून टाक म्हणायला. त्यासाठी मायएसक्यूएलडंप नावाचं साधन असतं. ते एकेका टेबलाची साध्या मजकुरात प्रत उतरवतं. अख्खा डेटाबेस एका हुकमात काढण्यापेक्षा एकेक टेबल वेगळं काढा, म्हणजे एक अडलं तरी बाकीची हाती लागतात.

त्या केंद्रात हेच केलं. दुसऱ्या लॅपटॉपवर त्याच आवृत्तीचं झॅम्प बसवलं. आवृत्ती तीच हवी, वेगळ्या आवृत्तीनं गुंता वाढतो. जुन्या फोल्डरची प्रत तिथं ठेवली, सेटिंग १ केली, सर्व्हर उठला. टेबलं एकामागून एक उतरायला लागली. भेटींच्या नोंदींचं टेबल तेवढं मधेच तुटायचं. त्यातलं एक पान खराब होतं आणि तिथं पोचलं की सर्व्हर कोसळायचा. अशा वेळी टेबल दोन्ही टोकांनी वाचायचं. नोंद क्रमांक १ पासून पुढे येत राहायचं आणि जिथं अडेल तिथं थांबायचं. मग शेवटच्या क्रमांकापासून मागे यायचं आणि पुन्हा अडेल तिथं थांबायचं. मधला तुकडा सोडून द्यायचा. १६ किलोबाइटच्या पानात मावतील तेवढ्याच नोंदी गेल्या, बाकी सगळ्या आल्या.

पाचवी गोष्ट, नवं घर. उतरवलेला मजकूर कोऱ्या, स्वच्छ सर्व्हरमध्ये भरायचा. जुना आजारी सर्व्हर तसाच चालवत राहायचं नाही. भरून झाल्यावर मोजायचं: प्रत्येक टेबलात किती रांगा आल्या, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, दहा-वीस नावं कागदाशी जुळतात का. हे काम इंजिनिअरचं नाही, केंद्रातल्या माणसांचं आहे. आपा स्वतः बसल्या. त्यांचं जुनं रजिस्टर बंद झालं नव्हतं. संगणक आला तरी त्या रोज संध्याकाळी आलेल्या बायकांची नावं आणि कामाचा एका ओळीचा गोषवारा वहीत लिहीत असत, आणि पोरं त्यावरून त्यांना हसायची. मधल्या पानावरच्या नोंदी त्या वहीवरून पुन्हा भरल्या गेल्या. तपशील थोडे कमी, पण नाव आणि तारीख पक्की.

समजा जुनं फोल्डर गेलंच असतं आणि हातात फक्त टेबलांच्या फाइली उरल्या असत्या, तर? तरीही वाट आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे टेबलं तयार करण्याचे मूळ हुकूम असतात, ते मागवायचे. नव्या सर्व्हरवर तंतोतंत त्याच आखणीचं रिकामं टेबल तयार करायचं. मग डिस्कार्ड टेबलस्पेस हा हुकूम देऊन त्याची रिकामी आयबीडी फाइल काढून टाकायची, तिथं आपली जुनी फाइल आणून ठेवायची आणि इम्पोर्ट टेबलस्पेस म्हणायचं. मुनीम फाइल तपासतो आणि अनुक्रमणिकेत तिचा पत्ता नव्यानं लिहितो. एक रकाना जरी कमी-जास्त असला तरी हे जमत नाही. म्हणून प्रोग्रॅम करून देणाऱ्या मुलाकडून आखणीची ती छोटीशी फाइल आजच मागून घ्या. उद्या त्याला नोकरी लागेल, तो बंगळुरूला जाईल, नंबर बदलेल.

हे झालं परत मिळवण्याचं. आता एक अवघड गोष्ट बोलायची आहे.

मी मघापासून प्रत काढा, प्रत काढा म्हणतेय. पण या प्रतीत काय आहे? कुणाच्या अंगावरच्या माराचं वर्णन आहे. कुणी भावापासून लपवलेला पत्ता आहे. कुणी अजून सासरीच राहते आणि आपल्याकडे येऊन गेल्याचं तिच्या घरी माहीत नाही. सर्व्हर बंद पडला की गडबडीत काय होतं? फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या जातात, कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर पाठवल्या जातात, अनोळखी वेबसाइटवर 'फुकट दुरुस्ती'साठी चढवल्या जातात, संगणक गल्लीतल्या दुकानात ठेवून आपण घरी जातो. टेबलं परत येतात आणि त्यातल्या बाया उघड्या पडतात. या दुरुस्तीला मी यश म्हणणार नाही.

आपल्याकडे आलेल्या बाईला आपण दोन वचनं देतो, एकदाही न उच्चारता. तुझं सांगणं हरवणार नाही, हे पहिलं. तुझं सांगणं भलत्याच्या हाती जाणार नाही, हे दुसरं. पहिल्यासाठी जास्त प्रती लागतात, दुसऱ्यासाठी कमी. दोन्ही सांभाळायचं तर प्रती कुलपात हव्यात. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाहा. माहिती चुकून बाहेर फुटणं आणि माहिती आपल्या हातून नाहीशी होणं, या दोन्ही गोष्टी तो एकाच व्याख्येत धरतो. आपण कायद्याच्या भीतीनं काम करत नाही, पण तिथं मांडलेलं सूत्र बरोबर आहे.

म्हणून काही साधे नियम. प्रत नेहमी पासवर्ड लावून बंद केलेली असावी. सेव्हन-झिप हे फुकटचं साधन त्याला पुरतं. पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा, एकीकडे नको. ती एकटी आजारी पडली किंवा विसरली तर कुलूपबंद प्रत ही हरवलेल्या प्रतीसारखीच. प्रत कुणाच्या खासगी पेनड्राइव्हवर राहू नये. दुरुस्तीनंतर कामाच्या तात्पुरत्या प्रती कुणी, कधी पुसल्या हे लिहून ठेवावं. आणि संगणक दुकानात द्यायचाच झाला तर आधी डिस्क काढून घ्यावी.

आता बॅकअपबद्दल. आमच्याकडे बॅकअप आहे, असं सगळेच सांगतात. मी विचारते, त्यातून शेवटचं परत कधी काढून बघितलं होतं? मग शांतता.

हे फक्त लहान संस्थांचं दुखणं नाही. गिटलॅब ही जगभरातले प्रोग्रॅमर वापरतात ती कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका इंजिनिअरच्या हातून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. बॅकअपच्या वेगवेगळ्या पाच व्यवस्था होत्या. ऐन वेळी त्यातली एकही धड चालत नव्हती. एक व्यवस्था तर आवृत्ती जुळत नसल्यामुळे गुपचूप अपयशी ठरत होती, आणि अपयशाची सूचना देणारी ईमेलं वाटेतच नाकारली जात होती. शेवटी योगायोगानं सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीवर काम भागलं. तेवढ्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. मला त्या कंपनीचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. दुरुस्ती चालू असताना त्यांनी ती जगाला थेट दाखवली आणि नंतर काय काय चुकलं ते सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं. ज्याच्या हातून फोल्डर पुसलं गेलं त्याला चौकात उभं केलं नाही. पाच व्यवस्थांकडे कुणाचंच लक्ष का नव्हतं, हा प्रश्न विचारला. आपल्या केंद्रांतही हीच रीत हवी. तो व्हिडिओ पाहून उपाय करणारा मुलगा गुन्हेगार नाही. त्याला एकट्यावर सोडणारी व्यवस्था आपण बदलायची आहे.

आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल, कुरआनातली सर्वांत लांब आयत प्रार्थनेबद्दल नाही. ती उधारीच्या व्यवहाराबद्दल आहे, सूरह बकरामधली २८२वी. व्यवहार लिहून ठेवा, लिहिणारा प्रामाणिक असावा, साक्षीदार ठेवा, असा तिचा रोख. इथं श्रद्धा असणारे आहेत, नसणारे आहेत, पण लिहून ठेवण्यावर आपल्या सगळ्यांचाच विश्वास आहे. हमीद दलवाईंच्या पुढाकारानं १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिला मुंबईत मोर्चा घेऊन गेल्या, तेव्हा त्यांच्या हातात लिहिलेलं निवेदनच होतं. लिहिण्याचं काम आपण करतोच. साक्षीदार ठेवण्यात मात्र कमी पडतो. डेटाबेसच्या बाबतीत साक्षीदार म्हणजे दुसरी प्रत, आणि साक्षीदाराला अधूनमधून बोलावून विचारावं लागतं, तुला अजून सगळं आठवतंय ना?

तर प्रत्येक केंद्रानं काय करायचं, ते सांगून थांबते.

रोज संध्याकाळी संगणक बंद करण्याआधी मायएसक्यूएलडंपनं प्रत काढा. हे आपोआप होईल अशी सोय एका तासात करून देता येते, मी देईन. फोल्डर नुसतं कॉपी करणं म्हणजे बॅकअप नाही. चालू सर्व्हरचं फोल्डर कॉपी केलं तर पानं अर्धवट लिहिलेली येऊ शकतात. आठवड्याला एक कुलूपबंद प्रत केंद्राच्या बाहेर, ठरलेल्या जागी न्या. आग, पाणी आणि चोरी एकाच खोलीतल्या दोन्ही प्रती नेते. यूपीएसची बॅटरी तपासा. ती बदलायचा खर्च या सगळ्या धावपळीपेक्षा स्वस्त आहे. आणि आपांसारखी एका ओळीची वही चालू ठेवा. तिला वीज लागत नाही, पण तीही कुलपातच ठेवा.

शेवटचं, आणि सर्वांत महत्त्वाचं. तीन महिन्यांतून एकदा रंगीत तालीम करा. दुसरा लॅपटॉप घ्या, त्यावर कोरा सर्व्हर बसवा, बाहेर ठेवलेली प्रत आणा, पासवर्ड आठवतोय का बघा, त्यातून डेटाबेस उभा करा आणि कुठलीही पाच नावं वहीशी ताडून बघा. किती वेळ लागला ते लिहा, मग तो लॅपटॉप साफ करा. तालीम कुणी करायची, त्या दोघांची नावं कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढच्या बैठकीत मी सर्व्हर कोणता, आवृत्ती कोणती हे विचारणार नाही. तालीम कोणत्या तारखेला झाली, एवढंच विचारेन.

झोपलेल्यांना उठवायला हरकत नाही आता. चहा आलाय. ज्यांचे संगणक सोबत आहेत त्यांनी चहानंतर मागच्या टेबलावर या, पहिली प्रत आपण इथंच काढू.